गाडीखाली कोण जाणार?

दोस्तांनो, मी गोदीत माल उचलतो आणि रात्री कविता करतो. दोन्हीची कमाई तुम्हांला ठाऊक आहे. तेव्हा आधीच सांगून टाकतो, जाम झालेल्या ब्रेकची प्रतिमा करून व्यवस्थेवर कविता पाडायला मी बसलेलो नाही. तसल्या कविता आपल्याकडं ढिगानं येतात. मी बोलतोय ते लोखंडी ब्रेकबद्दल आणि त्याच्याखाली उताणं पडलेल्या पोराबद्दल.

२०२१ ची दिवाळी सरली होती. गोदीत पाळी मिळंना म्हणून भिवंडीला मामाकडं गेलो. अंजूरफाट्याजवळ एका गोडाऊनमागं जुना टाटा ट्रक उभा होता. मार्च २०२० ला टाळेबंदी लागली तेव्हा उभा केला तो दोन पावसाळे तसाच. त्या दिवसांत इथल्या हायवेवरनं माणसं डोक्यावर बोचकी घेऊन नाशिकच्या अंगानं चालत गेली. गाड्या उभ्या आणि माणसं चालतायत, असा तो उलटा हिशेब. धंदा परत सुरू झाला तशी शेठला गाडी आठवली.

बॅटरी बदलली, इंजिन लागलं, हवा चढली, हँडब्रेक सोडला. मागची चाकं हलंनात. हवेच्या ब्रेकची गाडी उभी राहिली की टाकीतली हवा हळूहळू निघून जाते, मग मागच्या बूस्टरमधली स्प्रिंग ब्रेक आवळून धरते. ड्रम बिडाचा, त्याला गंज चढतो, आणि दाबून बसलेलं लायनर त्या गंजात चिकटतं. हवा आली, स्प्रिंग मागं सरली, पण लायनर ड्रमला सोडंना. शेठनं दुसरा ट्रक आणून साखळी बांधली. "खींचो!" चाकं फिरली नाहीत, टायरच फरफटले. अशा हिसक्यांनी लायनरचे रिवेट तुटतात, तुकडा आत अडकतो, शंभराचं काम हजारावर जातं. पण शेठला हे सांगणार कोण?

मिस्त्री यायच्या आधीच शेठनं क्लीनरला फर्मावलं, "घुस खाली." पोरगं आमच्याच वस्तीतलं. मिसरूडही धड फुटलेलं नाही. पाना आणि हातोडा घेऊन सरकलं आत. दोन्ही बाजूंचे स्लॅक सैल केले, डाव्या ड्रमवर घाव घातले. कचकन् सुटला. मग उजवा. जमीन गटाराकडं उतरती, चाकाखाली साधी वीटसुद्धा नाही. उजवा सुटला तशी गाडी मागं निघाली. ड्रायव्हरनं पेडल दाबलं, पण स्लॅक सैल म्हणजे मागं ब्रेकच नाही, आणि पुढचे तर कधीचेच मेलेले. हँडब्रेक ओढून उपयोग शून्य. मामानं चाकामागं ओंडका फेकला. चाक पोराच्या मांडीपासून वीतभर अलीकडं थांबलं.

शेठ काय बोलला? "ड्रम फुटला नाय ना?"

दुपारी उस्ताद आला. आझमगडकडचा म्हातारा, १९८४ ची दंगल त्यानं ह्याच गावात पाहिलेली. आल्या आल्या त्यानं सगळ्यांना शिव्या घातल्या, शेठला सोडून. मग पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, मागं जॅक, आणि जॅकच्या भरवशावर न राहता एक्सलखाली लाकडी ओंडके. ड्रम काढले. लायनरची काळी भुकटी आणि तांबडा गंज मूठमूठ निघाला. पोरगं हवेचा पाइप घेऊन फुंकायला धावलं. उस्तादनं पाइप हिसकावला आणि ओलं फडकं दिलं. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ती धूळ छातीत बसली की दुखणं वीस-तीस वर्षांनी वर येतं, तोवर शेठही बदललेला असतो आणि गाडीही भंगारात गेलेली असते. १९९५ साली सुप्रीम कोर्टानं अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग धरला. हे भिवंडीच्या कुठल्या गॅरेजात पोचलं, मला दाखवा!

१९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला. आठ तासांचा दिवस ठरला. पण पाचाहून कमी माणसं असलेल्या धंद्याला तो लागू नव्हता. एक गाडी, एक ड्रायव्हर, एक क्लीनर, बसा बोंबलत. कायद्याची जाळी बरोबर आपल्या मापाची कापलेली असते.

लोक म्हणतात, गाडीखाली कुणी जात विचारत नाही. खरं आहे. खाली गेल्यावर विचारत नाही, खाली कुणाला पाठवायचं ते ठरवताना विचारायची गरजच पडत नाही. आपल्या सभांमधनं गोदी आणि गिरणी यांचं नाव निघतं, ह्या क्लीनरचं कधी निघत नाही. मी स्वतः चार सभांमध्ये बोललोय, मलाही सुचलं नाही. आपल्या पोरांनी घण मारण्यात मर्दानगी मानू नये, उस्तादची अक्कल उचलावी. चाकाला ठोकळे लागल्याशिवाय खाली जाणार नाही, एवढं म्हणायची ताकद त्यांना एकेकट्यानं येणार नाही. ती आपण उभी करायची आहे.

संध्याकाळी उस्तादनं बिल लिहिलं. लायनर, रिवेट, ग्रीस, मजुरी एक. मी म्हटलं, पोराचीही लिहा. शेठनं कपाळाला आठ्या घातल्या, पण मामा आणि ड्रायव्हर दोघंही तिथंच उभे राहिले. उस्तादनं पेन उचललं, "नाम बोल." सगळे त्याला छोटू म्हणायचे. पूर्ण नाव शेठला माहीत नव्हतं, ड्रायव्हरला नव्हतं. त्याच्याच वस्तीतल्या मलासुद्धा नव्हतं.