काळापुढें वाकणारें विशेषण

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारें २५ किलोमीटरांवर गाडीवाट हें गांव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेनें २०१९ सालीं मुलांस कोणती परकी भाषा शिकाल म्हणून विचारलें, तेव्हां पुष्कळांनीं जपानी मागितली. यंत्रमानवांची विद्या त्या देशाची म्हणून! २०२० सालीं शाळा बंद असतां शहरांतील एका जाणत्या गृहस्थांनीं त्यांस दूरस्थ पाठ विनामूल्य दिले. इंग्रजी पक्की नसतां जपानी कशी झेपणार, अशी शंका सुशिक्षित घरांतून निघते. आम्हांस वाटतें, विशेषणांपुरतें तरी मराठी हेंच उत्तम भांडवल होय.

आपलें विशेषण नामाच्या लिंगवचनापुढें वाकतें: मोठा वाडा, मोठी खोली, मोठें अंगण. जपानींत व्याकरणाचें लिंगच नाहीं. तेथील विशेषण काळापुढें वाकतें. 'ताकाइ' म्हणजे उंच आहे, 'ताकाकुनाइ' उंच नाहीं, 'ताकाकात्ता' उंच होता. इंग्रजी विशेषणास लिंगहि ठाऊक नाहीं आणि काळहि. मराठी मुलास मात्र शब्दाचें शेपूट बदलण्याची संवय पाळण्यापासून असते. हें 'कात्ता' आलें कोठून? 'ताकाकु' या रूपापुढें 'असणें' या अर्थाचें क्रियापद येऊन दोहोंचा सांधा जुळला. आपण बोलतांना 'बरें आहे'चें 'बरंय' करतों, तसेंच. (ताकाइ म्हणजे महागहि. 'उंची अत्तर' म्हणणाऱ्यांस त्याचें नवल कशाला?)

आतां दुसरा वर्ग. सुंदर, शांत, हुशार हे शब्द आपल्याकडेहि वाकत नाहींत. संस्कृतांतून वा फारशींतून ते जसेच्या तसे आले. जपानींत चिनी भाषेंतून आलेलीं पुष्कळ विशेषणें अशींच ताठ. नामापूर्वीं तीं 'ना' घेतात: 'युमेइ ना हितो', प्रसिद्ध माणूस. काळ दाखविण्याचें काम वाक्याच्या शेवटीं 'देसु' किंवा 'देशिता' करतें. येथें एक खांचखळगा आहे. 'किरेइ' म्हणजे सुंदर. शेवटीं 'इ' दिसतो म्हणून मुलें 'किरेकात्ता' म्हणून मोकळीं होतात. तें चूक, 'किरेइ देशिता' म्हणावें.

'इइ' म्हणजे चांगलें, हें मात्र पाठच केलें पाहिजे. त्याचा भूतकाळ 'योइ' या जुन्या रूपावरून 'योकात्ता' असा होतो. मूल उशिरां सुखरूप घरीं परतलें, कीं जपानी आई हाच शब्द उच्चारते, आपल्याकडील आई म्हणते, "बरें झालें बाई!"