शिक्षकांच्या पदव्या वाढल्या. आचार्य किती घडले?

मुंबई विद्यापीठाने १९३६ साली एम.एड. ही पदवी सुरू केली, तेव्हा अध्यापन हा विद्यापीठीय चिंतनाचा विषय आहे, हे मान्य झाले. त्यानंतर शिक्षणशास्त्राचे पदव्युत्तर अभ्यासक्रम देशभरातील विद्यापीठांत पसरले. हा विस्तार स्वागतार्हच आहे. परंतु विस्तार म्हणजे विकास नव्हे.

शिक्षक-प्रशिक्षण विद्यापीठाच्या ज्ञानजीवनापासून आणि शाळांच्या दैनंदिन जीवनापासूनही तुटले आहे, असे कोठारी आयोगाने (१९६४-६६) बजावले होते. विद्यापीठांत स्वतंत्र विभाग उभे राहिल्याने पहिली दरी काही अंशी बुजली; दुसरी मात्र कायम राहिली. दरम्यान पदविकेच्या स्तरावर बाजार मांडला गेला. महाराष्ट्रातील २९१ अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातूनच न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. आयोगाने २०१२ साली अहवाल दिला. २०१५ पासून एम.एड. दोन वर्षांचे झाले. कालावधी वाढला, पण शाळा जवळ आली काय?

आचरणातून शिकवतो तो आचार्य, ही आपली परंपरा. रुग्णालयाविना वैद्यकीय महाविद्यालय आपण चालू देत नाही. मग शाळेविना शिक्षणशास्त्र विभाग कसा चालतो? प्रत्येक विभागाने परिसरातील एक जिल्हा परिषद शाळा वा आश्रमशाळा आपली मानावी. प्राध्यापकांनी तेथे नियमित वर्ग घ्यावेत. प्रबंधांचे विषय तेथील मुलांच्या अडचणींतून निघावेत. तरच पदव्यांच्या या वाढीला राष्ट्रउभारणीचे मोल येईल.