आराखडा एक, भाषा आपापली

सीमाभागातील एखाद्या कुटुंबाच्या कपाटात आरोग्याची कार्डे किती असतात, हे एकदा मोजून पाहावे. आयुष्मान योजनेचे कार्ड, तिच्यासाठी लागणारी शिधापत्रिका, कारखान्यात काम करणाऱ्याचे राज्य कर्मचारी विम्याचे कार्ड, मुलाच्या नोकरीतून मिळालेले खासगी कंपनीचे कार्ड. प्रत्येकावर क्रमांकाची जागा निराळी आणि नाव लिहिण्याची रीतही निराळी. रुग्ण दाखल झाला की विमा कक्षातील कर्मचारी तीच माहिती पुन्हा पुन्हा भरतो. एखादे अक्षर जुळले नाही की पूर्वपरवानगीचा अर्ज परत येतो. कॅशलेस उपचाराच्या अर्जावर एका तासात निर्णय द्यावा, असे विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये कंपन्यांना बजावले. परंतु नावच जुळत नसेल, तर त्या तासाचा उपयोग काय?

नाव का जुळत नाही, याचे उत्तर भाषाशास्त्रात आहे. मराठी ‘ज्ञानेश्वर’ रोमन लिपीत ‘डी’ने सुरू होतो, तोच कन्नड उच्चारावरून लिहिला की ‘जे’ने किंवा ‘जी’ने सुरू होतो. ‘लक्ष्मी’त कोणी ‘एक्स’ घालतो, कोणी ‘के-एस-एच’. मराठीत ‘महादेव’मधील अंत्य अकार उच्चारात लोपतो, कन्नडात तो उच्चारला जातो, म्हणून रोमन नोंदीत शेवटी एक ‘ए’ वाढतो. त्यातच एका नोंदीत आडनाव आधी, दुसरीत शेवटी, तिसरीत वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर. चंदगड-गडहिंग्लजहून बेळगाव-खानापुरात सून म्हणून आलेल्या स्त्रीची स्थिती तर अधिकच अवघड. तिची माहेरची कागदपत्रे देवनागरीत आणि सासरची कन्नडात. माणूस एकच, पण संगणकाच्या लेखी दोन.

हा गुंता अखेरीस आम्हां वकिलांच्या टेबलावर येतो. ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ एवढे सांगण्यासाठी मुद्रांक, प्रतिज्ञापत्र आणि नोटरी! आतड्याच्या शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकाने कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्यात, यासारखी अन्यायकारक गोष्ट नाही. हा दोष त्या रुग्णाचा नाही आणि दोन्हींपैकी कोणत्याही भाषेचाही नाही. निश्चित नियमाविना केलेल्या लिप्यंतराचा तो दोष आहे.

म्हणून आरोग्य कार्डांचा आराखडा देशभर एकच असावा, या मताचे आम्ही आहोत. ‘प्रमाणीकरण’ म्हटले की आपल्या माणसाच्या मनात शंका येते, कारण एकच नमुना म्हणजे एकच भाषा, हा अनुभव आपण १९५६ पासून घेत आलो आहोत. पण तसे असण्याचे कारण नाही. युरोपीय आरोग्य विमा कार्ड २००४ पासून वापरात आहे. त्यावरील रकान्यांना क्रमांक दिलेले आहेत: तीनवर आडनाव, चारवर नाव, पाचवर जन्मतारीख, नऊवर मुदत संपण्याची तारीख. कार्ड ग्रीक भाषेत असले, तरी पोर्तुगालमधील कर्मचाऱ्याला कोणता रकाना कशाचा हे ठाऊक असते. आराखडा समान, भाषा आपापली.

आपल्याकडे चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक आहे, मग कार्डावर मराठी कशाला, असे कोणी विचारील. क्रमांक यंत्रासाठी असतो; कार्ड माणसासाठी. आपल्याला किती संरक्षण आहे आणि नकार मिळाल्यास कोठे दाद मागायची, हे धारकाला स्वतः वाचता आले पाहिजे. आयुष्मान योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. हे कार्डधारकालाच वाचता येत नसेल, तर तो हक्क दुसऱ्याच्या सांगण्यावर अवलंबून राहतो.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. विमा हा विषय केंद्र सूचीत आहे. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये राज्य सूचीत. म्हणजे विमा कंपन्यांच्या कार्डांचा नमुना केंद्राने ठरवावा आणि शासकीय योजनांसाठी राज्यांनी तो संमतीने स्वीकारावा. शिवाय भाषिक अल्पसंख्याकांची लोकसंख्या जेथे पंधरा टक्के किंवा अधिक, तेथे महत्त्वाच्या शासकीय सूचना व नियम त्यांच्या भाषेत द्यावेत, हे तत्त्व सर्व राज्यांनी फार पूर्वीच मान्य केले आहे. आरोग्य कार्डाहून महत्त्वाची सूचना कोणती?

महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना ८६५ सीमावर्ती गावांपर्यंत नेण्याचे ठरविले, तेव्हा कर्नाटकाने आक्षेप घेतला. सीमाप्रश्नाचा २००४ चा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निर्णय व्हायचा तेव्हा होईल. आजार त्यासाठी थांबत नाही. बेळगावचा रुग्ण मिरज-कोल्हापूरला जातो, चंदगडचा बेळगावला येतो. या जाण्यायेण्याला कोणाची हरकत नसते. मग कार्डानेच का अडावे?

आमच्या मागण्या तीन आहेत. सर्व आरोग्य कार्डांवर रकाने समान आणि क्रमांकित असावेत. धारकाचे नाव रोमन लिपीबरोबर त्याने निवडलेल्या भाषेतही असावे आणि रोमन रूप आधारवरील नोंदीप्रमाणेच घ्यावे. जन्मतारीख व क्रमांक जुळत असताना केवळ वर्णलेखनातील फरकासाठी उपचार अडवू नयेत. यांपैकी कोणतीही मागणी कन्नडच्या विरोधात नाही. बंगळुरूहून मिरजेला आलेल्या कन्नड भाषकालाही तिचा तेवढाच लाभ होईल. तोवर प्रत्येकाने घरातील कार्डे शेजारी ठेवून नावे ताडून पाहावीत आणि फरक असल्यास दुरुस्तीचा अर्ज आजच द्यावा. रुग्णालयाच्या दारात ते करण्यास वेळ नसतो.