हौसेचे मोल कोणी करायचे?

नवरात्राचे घट उठले, दसरा चौकातले सोने लुटून झाले, की कोल्हापूरच्या बाजाराला दिवाळीचे वेध लागतात. महाद्वार रोडवर पाय ठेवायला जागा उरत नाही. गंगावेशीतल्या आणि शाहूपुरीतल्या कुंभार गल्ल्यांत पणत्यांचे ढीग लागतात, आणि गावातल्या सभागृहांतून महिला बचत गटांची प्रदर्शने भरतात. क्रोशाची तोरणे, लोकरीची टोपडी आणि मोजे, कामट्या व पतंगी कागदाचे आकाशकंदील, जुन्या लुगड्यांच्या वाकळी, हाताने रंगवलेल्या पणत्या असा माल तेथे मांडलेला असतो. त्यावर 'हाताने बनविलेले' अशी चिठ्ठी असते आणि हल्ली 'मायेची ऊब' असेही लिहिलेले आढळते. भाऊबिजेला, पाहुण्यांना, कचेरीतल्या सहकाऱ्यांना मिठाईच्या पुड्याऐवजी अशी हातची वस्तू भेट द्यावी, असा प्रघात पडू लागला आहे. तो स्वागतार्ह आहे. यंत्राच्या साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकच्या कंदिलापेक्षा आपल्याच गावच्या हातांनी बांधलेला कंदील दारात टांगला जावा, याला कोणाचा विरोध असणार?

विरोध नाही, प्रश्न आहे. टेबलावरच्या त्या तोरणात किती तास गेले, आणि त्या तासांचे काय झाले?

आपल्याकडे म्हणतात, हौसेला मोल नसते. या म्हणीचा मूळ अर्थ खर्च करणाऱ्याच्या बाजूचा आहे: हौस असली की माणूस पैशाकडे पाहत नाही. पण स्त्रियांच्या हस्तकामाच्या बाबतीत तिचा अर्थ उलटा फिरला. बाई हौसेने विणते, म्हणून तिच्या विणण्याला मोल नाही, असा तो झाला. आणि तो इतका मुरला, की विकायला बसलेली बाईदेखील किंमत सांगताना दोऱ्याचा खर्च मोजते, त्यावर 'काहीतरी सुटलं पाहिजे' म्हणून शंभर-दोनशे रुपये चढवते, आणि स्वतःचे तास मोजतच नाही.

हिशोब करून पाहू. समजा, तीन फुटांच्या दाराचे क्रोशाचे तोरण आहे. सराईत हाताला त्याला चौदा तास लागले, दोरा दीडशे रुपयांचा लागला, आणि ते साडेतीनशेला विकले गेले. हाती उरले दोनशे, म्हणजे ताशी चौदा रुपये आणि काही पैसे. आता शेजारी दुसरा आकडा ठेवा. २०२५-२६ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावरची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर ताशी ३९ रुपये. रोजगार हमीचा दर पोट भरण्याइतका आहे असे आपल्यापैकी कोणीही मानत नाही, आणि तो वाढवून मिळावा म्हणून याच पक्षांनी आणि संघटनांनी मोर्चे काढलेले आहेत. त्या अपुऱ्या दरानेसुद्धा चौदा तासांचे ५४६ रुपये होतात. दोरा धरून तोरणाची किंमत सातशेच्या घरात जाते. ते साडेतीनशेला घेताना उरलेले साडेतीनशे कोणी भरले? विणणाऱ्या बाईने भरले. भेट आपण दिली असे आपल्याला वाटते. वस्तुतः अर्धी भेट तिने दिलेली असते, आणि तीही ज्याचे नावही तिला ठाऊक नाही अशा माणसाला. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच.

'पण हे तर फावल्या वेळेतले काम' असे उत्तर ठरलेले आहे. हा फावला वेळ येतो कोठून, हे एकदा पाहायला हवे. २०२४ सालच्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीप्रमाणे १५ ते ५९ वयातल्या, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी ३०५ मिनिटे बिनमोबदला घरकामात जातात. पाच तास झाले. त्यावर मुलांचे, म्हाताऱ्यांचे करणे वेगळे, शेतावरची किंवा बाहेरची मजुरी वेगळी. हे सारे आटोपून रात्री दूरदर्शनसंचासमोर बसल्यावर हातात जी सुई येते, ती फावल्या वेळेची नव्हे. झोपेतून कापून घेतलेल्या वेळेची असते. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ स्त्रीने आंध्रातील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर १९८२ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात ही गोष्ट उघडी केली आहे. मिशनऱ्यांनी शिकवलेले क्रोशाकाम तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालले, माल परदेशी जात राहिला, व्यापारी श्रीमंत झाले. विणणाऱ्या मात्र गृहिणी, घरबसल्या वेळ घालवणाऱ्या, म्हणूनच गणल्या गेल्या. कामगार म्हटले असते तर मजुरी द्यावी लागली असती.

कोणी म्हणेल, नरसापूर दूर आहे. निपाणी तर दूर नाही. कोल्हापूरहून चाळीस किलोमीटरवरच्या त्या गावात आणि साऱ्या सीमाभागात विडी वळणाऱ्या हजारो बायकाही घरातच बसून, मांडीवर सूप घेऊन काम करीत आल्या. त्यांच्याही हातात कसब होते, त्याही चूल सांभाळून वळत होत्या. परंतु विडी 'मायेने' वळली असे कोणी म्हटले नाही. १९६६ साली विडी कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला, घरी बसून वळणारीलाही त्याने कामगार मानले, आणि हजार विड्यांमागे मजुरी किती, हा भांडणाचा विषय झाला. दर पुरेसा मिळाला असे नव्हे. फसवणूक, छाट काढणे, कमी पान देणे हे सारे चालत राहिले. तथापि मोजण्याचे माप ठरले. घरात केलेले काम मोजता येत नाही, ही सबब त्यामुळे कायमची खोटी पडली.

आणि मोजण्याची गोष्ट काढायची तर या जिल्ह्याइतका मोजणारा जिल्हा दुसरा नसेल! येथे लिटरभर दुधातली फॅट दशांशापर्यंत मोजतात. दिवाळीच्या तोंडावर गोकुळचा दर फरक किती येणार, यावर पारावर चर्चा झडतात. उसाचा उतारा, पहिली उचल, एफआरपी हे शब्द शाळकरी पोरांनाही पाठ आहेत, आणि गाळप हंगामाआधी जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत टनाला किती, याचा आकडा गर्दीसमोर जाहीर होतो. हे शेतकऱ्याने लढून मिळवलेले शहाणपण आहे. घामाला दाम मागायला लाजायचे नसते, हे येथल्या मातीत रुजले आहे. मग त्याच घरातली बाई, जी ती म्हैस धुते आणि तिची धार काढते, ती दिवाळीला टोपडे विणून विकते तेव्हा हिशोबाची वही कोठे जाते?

यात जातीचाही धागा आहे, तो टाळून चालणार नाही. ब्राह्मण-मराठा घरातल्या स्त्रीने विणले, भरतकाम केले, रुखवतात मांडले, तर ती कला आणि हौस. चर्मकाराच्या घरातल्या स्त्रीने चामड्याची वेणी गुंफली तर तो 'घरच्या धंद्याला हातभार'. दोन्हींची नावे निराळी, पण मजुरीच्या रकान्यात दोन्हीकडे शून्य. कोल्हापुरी चपलेवरची नाजूक वेणी आणि शिवण हे पुष्कळ अंशी सुभाषनगर, जवाहरनगरसारख्या वस्त्यांतल्या बायकांच्या बोटांचे काम आहे. तळ कापण्याचे, ठोकण्याचे काम पुरुषांचे. जोड विकला की पैसा एका हातात येतो, आणि वेणीची मजुरी वेगळी काढण्याची रीत नाही. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आले. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच घाटाची पादत्राणे मांडली, आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. ओरड झाल्यावर मूळ कबूल केले, डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला आणि येथे २,००० जोड करवून घेऊन जोडाला सुमारे ८०० युरो दराने विकण्याचे जाहीर केले. आपल्या वृत्तपत्रांना आनंद झाला. नावाचा मान राखला गेला हे चांगलेच. पण त्या ८०० युरोंत वेणी गुंफणारीचे किती, हा प्रश्न ज्या आवेशाने नावासाठी भांडलो त्या आवेशाने कोणी विचारल्याचे दिसले नाही. ज्या संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतने रद्द करून वेठीच्या मुळावर घाव घातला, तेथे तरी बिनमजुरीचे काम ओळखू यायला हवे होते.

गैरसमज नको म्हणून सांगतो. आजीने नातवाला स्वेटर विणावा, बहिणीने भावाला मफलर द्यावा, त्याचे बिल कोणी मागत नाही. माणसामाणसांतले असे देणेघेणे बाजारापासून वाचले तर उत्तमच. १९६२ च्या चीन युद्धात देशभरच्या बायकांनी सीमेवरच्या जवानांसाठी स्वेटर विणले, ते त्यांनी स्वेच्छेने दिले आणि त्याचा अभिमान बाळगला. प्रश्न सुरू होतो तो वस्तूला किंमत लागली की. एकदा ती टेबलावर आली, पावती फाडली गेली, बँकेने किंवा कारखान्याने शंभर नगांची मागणी नोंदवली, की मग मायेचे नाव घेणे म्हणजे मजुरी बुडवणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. तोरण सातशेला झाले तर घेणार कोण? यंत्राचे दीडशेला मिळते. हा आक्षेप नवा नाही. खादीच्या चळवळीत तो नव्वद वर्षांपूर्वी येऊन गेला. कातणाऱ्या बायकांना मिळणारी मजुरी इतकी क्षुल्लक होती, की १९३५ साली गांधीजींनीच चरखा संघापुढे प्रश्न टाकला: आपण गरिबांची सेवा करतो आहोत की शहरी ग्राहकाला स्वस्त कापड पुरवतो आहोत? आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत, असे त्यांचे म्हणणे होते. खादी महागेल, खपणार नाही, भांडारे बंद पडतील, अशी ओरड कार्यकर्त्यांतूनच झाली. चरखा संघ आठ आण्यांपर्यंत पोहोचला नाही. परंतु दर वाढवला, आणि किमान मजुरी हे तत्त्व मान्य केले. वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबांनी स्वतः दिवसचे दिवस आठ-आठ तास कातून त्या कमाईत पोट भरते का, ते पाहिले. बोलण्याआधी चातीवर बसण्याची ही पद्धत आपल्या पुढाऱ्यांनी क्रोशाच्या सुईच्या बाबतीत अवलंबावी अशी सूचना करावीशी वाटते, पण तोरणांचे काय होईल या भीतीने करवत नाही.

सरकारने काही केले नाही असे नाही. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे, 'उमेद' २०११ पासून आहे. प्रशिक्षण मिळते, कर्ज मिळते, 'सरस' प्रदर्शनात गाळा मिळतो. दर मात्र मिळत नाही. बाईला 'उद्योजिका' म्हटले की तिचा कोणी मालक उरत नाही, आणि मालक नाही म्हणून किमान वेतनही नाही. २०१९ ची वेतन संहिता २०२५ च्या नोव्हेंबरात लागू झाली. तिला मजूर हवा, मालक हवा. घरबसल्या काम करणाऱ्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९६ चा करार भारताने अद्याप मान्य केलेला नाही. ती मागणी लावून धरलीच पाहिजे. पण दिल्लीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही, कारण या व्यवहारातला मोठा गिऱ्हाईक आपल्या हाताशी आहे.

तो म्हणजे येथल्या सहकारी संस्था. दूध संघ, साखर कारखाने, पतसंस्था, नागरी बँका, शिक्षण संस्था दिवाळीला सेवकांना आणि सभासदांना काही ना काही देतातच. ती खरेदी ठेकेदाराकडून होते. त्यातला एक भाग बचत गटांकडून, आधी जाहीर केलेल्या तासाच्या दराने घ्यावा, असा ठराव कोणत्याही सभासदाला मांडता येतो. दर गटातल्या बायकांनीच ठरवावा: तीन-चार जणींनी घड्याळ लावून एकेक नग विणून पाहावा, सरासरी काढावी, आणि लोकर किती, तास किती, ताशी किती, हे तीन आकडे चिठ्ठीवर 'मायेची ऊब'च्या जागी लिहावेत. लोकर गटागटाने किरकोळ दुकानातून न घेता तालुक्याने एकत्र घ्यावी. बचत तेथे होते, मजुरीत नव्हे. आणि आपल्या कार्यकर्त्यांनी, जे संपाच्या सभेत वेतनवाढीवर टाळ्या घेतात आणि प्रदर्शनात पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतात, त्यांनी ती थांबवावी.

एक व्यावहारिक अडचण आहे. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होतात, आणि दिवाळी त्यानंतर चार-सहा आठवड्यांवर असते. शंभर तोरणांना चौदाशे तास लागतात. वीस जणींच्या गटाने घरचे आटोपून रोज दोन तास दिले तरी पस्तीस दिवस गेले, त्यात नवरात्र आणि शेतातल्या सुगीची घाई. म्हणजे यंदाच्या सभेत ठराव झाला तर तो पुढच्या दिवाळीचा धरावा, आणि मागणीसह निम्मी उचल श्रावण लागण्यापूर्वी गटाच्या खात्यावर जमा व्हावी, ही अट ठरावातच घालून घ्यावी.