निकालावरून प्रायमरीला नापास करू नका


‘उमेदवारी श्रेष्ठींनीच ठरवावी’ हे पत्र वाचले. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसने लातूरचा उमेदवार प्रायमरीतून, म्हणजे पक्षांतर्गत मतदानातून, निवडला आणि जागा गेली. शेजारच्या नांदेडात अशोक चव्हाणांना श्रेष्ठींनी तिकीट दिले आणि जागा आली. एवढ्यावर पत्रलेखकांनी प्रायमरी मोडीत काढली आहे.

पण त्या वर्षी काँग्रेसच्या राज्यात दोनच जागा आल्या : नांदेड आणि हिंगोली. लातूर आणि वर्धा या प्रायमरीच्या जागा सोडल्या तर पडलेले बाकीचे उमेदवार श्रेष्ठींच्याच पसंतीचे होते. त्यांच्या पराभवाचे खापर कुणाच्या माथी फोडायचे?

शिवाय लातुरात मत दिले ते प्रामुख्याने पक्षाच्या पदाधिकाऱ्यांनी. निलंग्याचा पिढीजात मतदार बाहेरच राहिला. अमेरिकेत राज्याच्या गव्हर्नरपदाचा उमेदवार ठरवताना बहुतेक ठिकाणी सामान्य मतदार मत देतो. आपल्याकडे मात्र अर्जाच्या शेवटच्या दिवशी, दुपारचे तीन वाजायला आले की, जिल्हाधिकारी कचेरीत पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म घेऊन पळापळ होते. बूथवर राबणाऱ्याला नाव तेव्हा कळते. निवडणूक यंत्रणाही फॉर्मवरची सही तपासते. नाव कसे ठरले, हे विचारत नाही.

म्हणून प्रायमरी गुंडाळू नका, रुंद करा. सभासदांची यादी आधी जाहीर करा, प्रत्येकाला गुप्त मत द्या आणि सुरुवात जिल्हा परिषदेच्या गटापासून करा. बंडखोरी थांबेलच असे नाही. पण ‘माझे तिकीट कापले’ म्हणायला कुणाला तोंड उरणार नाही.

— एक वाचक, लातूर