विश्लेषण : सिग्नलला गाडी थरथरते, मध्येच बंद पडते... दोष ई-२० पेट्रोलचा की जुन्या गाडीचा?

सिग्नलला गाडी उभी केली की इंजिन थरथरू लागते, आरपीएमचा काटा वर-खाली होतो आणि हिरवा दिवा लागायच्या आत गाडी बंद पडते. दहा-बारा वर्षे जुन्या पेट्रोल गाड्यांच्या मालकांना हा अनुभव नवा नाही. बदलले आहे ते त्यावर मिळणारे उत्तर. २०२५ पासून देशभरात २० टक्के इथेनॉल असलेले ई-२० हेच नेहमीचे पेट्रोल झाले आणि ‘पेट्रोलमुळे होतंय’ हे वाक्य अनेक गॅरेजांत ऐकू येऊ लागले. हे निदान काही वेळा बरोबर असते. पण ते तपासल्याशिवाय मान्य केले, तर खरा बिघाड तसाच राहतो किंवा गरज नसताना महागडा पंप आणि इंजेक्टर बदलले जातात. म्हणूनच इंधनाचा दोष कुठे संपतो आणि गाडीचा कुठे सुरू होतो, हे समजून घेणे गरजेचे ठरते.

ई-२० जुन्या गाड्यांच्या टाकीत कसे आले?

२०१४ मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण सुमारे दीड टक्का होते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले गेले आणि नंतर ते २०२५-२६ वर आणण्यात आले. जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचा टप्पा पार झाला, फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर ई-२० ची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठल्याचे सरकारने जाहीर केले. कच्च्या तेलाच्या आयातीवरील खर्च कमी करणे आणि शेतमालाला हक्काची बाजारपेठ देणे, ही यामागची प्रमुख कारणे. महाराष्ट्रात तर हा विषय थेट घरात येतो. ज्या घरातून कारखान्याला ऊस जातो, त्याच घरातल्या जुन्या दुचाकीच्या टाकीत तो इथेनॉल होऊन परत येतो.

आक्षेप काय आणि सरकारचे म्हणणे काय?

एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या ई-२० ला चालतील अशा भागांसह येतात. त्याआधीच्या कोट्यवधी गाड्या मात्र कमी इथेनॉल गृहीत धरून बनलेल्या आहेत. निती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०२१ च्या आराखड्यात म्हटले होते, की शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज ई-२० वर ६ ते ७ टक्के, तर तशा दुचाकींचे ३ ते ४ टक्के घटू शकते. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणात ही घट किरकोळ असल्याचे सांगितले. काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, पण तो खर्च कमी असून नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये ते काम होते, असेही मंत्रालयाचे म्हणणे आहे. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा, अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्यामुळे निदान आणि दुरुस्तीची जबाबदारी प्रत्यक्षात गाडीमालकावरच येते.

उभ्या गाडीचे इंजिन थरथरते कशामुळे?

पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात. हवा आणि इंधन योग्य प्रमाणात, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब. आयडलवर म्हणजे एक्सिलरेटर न दाबता इंजिन साधारण ७०० ते ९०० आरपीएमवर फिरत असते. या वेगाला त्याच्याकडे ताकद फारशी शिल्लक नसते. चार सिलिंडरपैकी एक जरी नीट पेटला नाही तरी तोल जातो. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ करते. हायवेवर हाच दोष जाणवतही नाही, कारण तिथे इंजिनाचा वेग तो झाकून टाकतो.

नेहमीचे गुन्हेगार ठरलेले आहेत. काजळी साचलेली थ्रॉटल बॉडी, चिकटलेला आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह, झिजलेले स्पार्क प्लग, तडकलेली इग्निशन कॉइल, फाटलेला व्हॅक्यूम पाइप, तुंबलेला पेट्रोल फिल्टर, मळलेले इंजेक्टर आणि थकलेला पंप. यातला एकही दोष इथेनॉलची वाट पाहत थांबत नाही. वय आणि किलोमीटर वाढले की तो येतोच.

मग इथेनॉलमुळे नेमके काय बदलते?

इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो. त्यामुळे एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला साधारण ९ किलो पुरते. ई-२० साठी हे प्रमाण १३.५ च्या आसपास येते. म्हणजे तेवढ्याच हवेत इंजिनाला शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सुमारे ८ ते ९ टक्के जास्त इंधन सोडावे लागते. ते सोडले नाही तर मिश्रण ‘लीन’ होते, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी. लीन मिश्रण नीट पेटत नाही.

फ्युएल इंजेक्शन असलेल्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर धूर तपासतो आणि संगणक म्हणजे ईसीयू इंधन वाढवून ही तूट भरून काढतो. पण या भरपाईला मर्यादा आहे. अनेक गाड्यांत ती २० ते २५ टक्क्यांच्या आसपास असते. समजा, एका जुन्या हॅचबॅकचे इंजेक्टर मळलेले आहेत आणि ईसीयू त्यासाठी १४ टक्के जादा इंधन सोडतो आहे. ई-१० साठी आणखी ४ टक्के गेले. एकूण १८. गाडी कुरकुर न करता चालते, मालकाला काही कळत नाही. आता टाकीत ई-२० आले आणि आणखी ४ टक्क्यांची भर पडली. आकडा २२ वर गेला, चेक इंजिनचा दिवा लागला, गाडी थरथरू लागली. मालक म्हणतो, पेट्रोल बदलले आणि गाडी बिघडली. ते खरेच आहे. पण गाडी आधीपासून आजारी होती, हेही तितकेच खरे आहे. ई-२० ने तिची उरलीसुरली सवलत संपवली.

दुसरा परिणाम थंड इंजिनावर होतो. ऑक्सिजन सेन्सर तापेपर्यंत ईसीयू आधी भरून ठेवलेल्या हिशेबावरच चालतो. त्यातच इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते. त्यामुळे थंडीतल्या सकाळी पहिली दोन-तीन मिनिटे जुनी गाडी गचके देऊ शकते. गरम झाल्यावर ती सुरळीत चालत असेल तर घाबरण्याचे कारण नाही.

तिसरा मुद्दा पाण्याचा. इथेनॉल पाणी शोषून घेते. थोडे पाणी ते स्वतःत सामावते आणि इंजिनातून जळून जाते. प्रमाण फार वाढले तर मात्र पाणी आणि इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. पंप पेट्रोल उचलतो तळाजवळूनच. पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या किंवा झाकणाचे रबर गेलेल्या गाडीत ही शक्यता जास्त.

इंधनाचा दोष आहे की गाडीचा, कसे ओळखायचे?

गॅरेजमध्ये जाण्याआधी मालकाने एक गोष्ट लिहून न्यावी : गाडी नेमकी कधी बंद पडते. निम्मे निदान या उत्तरात असते.

• फक्त थंड असताना : कूलंट तापमान सेन्सर, आयडल व्हॉल्व्ह, काजळी.
• गरम झाल्यावर बंद, १५-२० मिनिटांनी पुन्हा सुरू : क्रँक सेन्सर, कॉइल किंवा पेट्रोल पंप.
• एसी लावला की : थ्रॉटल बॉडी किंवा आयडल व्हॉल्व्ह. एसीचा भार पेलण्यासाठी आयडल वाढायला हवे, ते वाढत नाही.
• ब्रेक दाबला की : ब्रेक बूस्टर किंवा त्याच्या पाइपमधून हवेची गळती. हे लांबणीवर टाकू नये.
• टाकी काठोकाठ भरल्यावर लगेच : टाकीतील वाफ इंजिनाकडे नेणारा पर्ज व्हॉल्व्ह.
• ठरावीक पंपावर भरल्यानंतर काही किलोमीटरमध्ये : पाणी किंवा भेसळ. इथे खरोखर इंधन संशयित आहे.

शेवटच्या प्रकारात पावती जपून ठेवावी. पंपावर फिल्टर पेपर चाचणी आणि घनतेची तपासणी मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. गॅरेजमध्ये टाकीच्या तळाचा नमुना काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवला, तर वेगळा झालेला थर डोळ्यांना दिसतो. हा प्रयोग घरी करू नये.

स्कॅनरवर काय पाहायचे?

साधारण २०१३ नंतरच्या बहुतेक मोटारींत स्टिअरिंगखाली ओबीडी सॉकेट असते. तिथे स्कॅनर लावला की फॉल्ट कोड दिसतात. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या-त्या क्रमांकाचा सिलिंडर मिसिंग करतो. पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन आहे. कोड मात्र लक्षण सांगतो, कारण नाही. पी०१७१ दिसला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणे, हा ताप दिसला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखा प्रकार झाला.

जास्त उपयोगी आकडा म्हणजे ‘फ्युएल ट्रिम’, अर्थात ईसीयू करत असलेली भरपाई. ती आयडलला आणि नंतर २५०० आरपीएमला पाहावी. दोन्हीकडे सारखीच, चार-आठ टक्के अधिक असेल तर तो ई-२० चा नेहमीचा ठसा आहे. त्यासाठी काही बदलण्याची गरज नाही. आयडलला खूप जास्त आणि वेग वाढवला की सामान्य, तर कुठून तरी हवा आत येते आहे. उलट, आयडलला ठीक पण चढावर आकडा वाढत गेला, तर फिल्टर किंवा पंप कमी पडतो आहे. एक अपवाद लक्षात ठेवावा. अनेक छोट्या मोटारींत हवेचा अंदाज मॅप सेन्सरवरून घेतला जातो. तिथे गळतीची हवाही मोजणीत येते. त्यामुळे ट्रिम फारसा हलत नाही आणि आयडलचा वेगच वाढलेला दिसतो.

एकच सिलिंडर मिसिंग करत असेल तर स्वस्त चाचणी आहे. त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावायची. कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल खराब. नाही सरकला तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन. इथेनॉल चारही सिलिंडरना सारखेच पोहोचते. त्यामुळे एकाच सिलिंडरच्या बिघाडाचे खापर पेट्रोलवर फोडता येत नाही.

कार्ब्युरेटरच्या दुचाकींचे काय?

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यानंतर दुचाकींत इंजेक्शन रुळले. त्याआधीच्या बहुतेक दुचाकींत कार्ब्युरेटर आहे. त्याला ना सेन्सर, ना संगणक. जेटचे भोक जेवढे, तेवढेच पेट्रोल जाणार. ई-२० वर त्याचे मिश्रण लीन होते आणि दुरुस्त करणारे कोणी नसते. हवेचा स्क्रू नव्याने जुळवला तर आयडल बऱ्याच अंशी सुधारते. फ्लोट चेंबरचा तळ साफ करणे, तडे गेलेला पेट्रोल पाइप आणि फुगलेले रबर बदलणे, ही कामे जवळच्या मिस्त्रीकडेही होतात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून चेंबरमधले पेट्रोल संपू द्यावे.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडले तर?

घाटात किंवा द्रुतगती मार्गावर हा प्रश्न मायलेजचा राहत नाही. इंजिन बंद पडताच पॉवर स्टिअरिंग जड होते. ब्रेक बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन वेळाच हलका ब्रेक लागतो. म्हणून पेडल वारंवार न दाबता एकदाच घट्ट दाबून धरावे, पार्किंग लाइट लावावेत आणि गाडी डावीकडे घ्यावी. गाडी थांबेपर्यंत किल्ली काढू नये, अन्यथा स्टिअरिंग लॉक होऊ शकते. जी गाडी आठवड्यात दोनदा सिग्नलला बंद पडते, ती तपासल्याशिवाय घाटात नेऊ नये.

मालकाच्या हाती काय उरते?

खर्चाचा क्रम ठरवणे. आधी थ्रॉटल बॉडीची सफाई, एअर फिल्टर, प्लग आणि व्हॅक्यूम पाइपची तपासणी. मग पेट्रोलचा फिल्टर आणि दाबाची मोजणी. इंजेक्टर आणि पंप त्यानंतर, तेही मोजलेला आकडा पाहूनच. ‘पेट्रोलमुळे झाले’ असे गॅरेजने सांगितले, तर फ्युएल ट्रिमचा आकडा किंवा टाकीतला नमुना दाखवायला सांगावे. काढलेला भाग परत मागावा.

धोरणाच्या पातळीवर एक प्रश्न मात्र शिल्लक राहतो. रबरी भाग बदलण्याचा खर्च कमी असेलही, पण कोणत्या मॉडेलचे कोणते भाग, किती किलोमीटरनंतर बदलायचे, याची यादी प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकापर्यंत पोहोचलेली नाही. नवी गाडी घेणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी ही यादी मायलेजच्या वादापेक्षा जास्त उपयोगाची ठरेल. तोवर सिग्नलला थरथरणाऱ्या गाडीचे निदान अंदाजाने न करता मोजून करणे, हाच खर्च वाचवण्याचा मार्ग आहे.