कोळेस्ट्रॉल आणि अंजीरग्राफी

वाचकहो, आपल्या घरातील वडीलधारी माणसे वैद्यकीय शब्दांचे जे काही करतात, त्याची नोंद आपण कधी ठेवली आहे काय? मी ठेवली होती. आमची आत्या डोंबिवलीला रामनगरात राहते. तिच्या शब्दांनी माझ्या एका वहीची शेवटची चार पाने भरलेली आहेत.

तिच्या बोलण्यात कोलेस्टेरॉलचे ‘कोळेस्ट्रॉल’ झाले होते. चिंचेचा कोळ जसा भांड्याच्या तळाशी बसतो, तसे हे रक्तवाहिन्यांत बसते, असा तिचा खुलासा होता. आणि खरे सांगायचे तर मला माझ्या लेखांतून ते इतक्या थोडक्यात कधी सांगता आलेले नाही. काकांची अँजिओग्राफी झाली, ती तिने साऱ्या इमारतीत ‘अंजीरग्राफी’ म्हणून सांगितली. शेजारच्या आजोबांचे प्रोस्टेट वाढले, तेव्हा “त्यांचे प्रोटेस्ट फार वाढले आहे” हे तिचे वाक्य ऐकून आजोबांच्या सूनबाईंनी मनापासून मान डोलावली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिला स्वतःलाच फिजिओथेरपी घ्यावी लागली. तिचे नाव तिने दुसऱ्याच दिवशी ‘फजितीथेरपी’ ठेवले आणि पुढे ते कधी बदलले नाही.

इंग्रजीत अशा गल्लतीला शेरिडनच्या 1775 मधील ‘द रायव्हल्स’ या नाटकातल्या मिसेस मालाप्रॉप या पात्रावरून नाव पडले आहे. आपल्याकडे असे एकच नाव नाही, बहुधा गरज भासली नसावी. परका शब्द कानावर पडला की तो आपल्या ओळखीच्या शब्दाच्या खुंटीला टांगायचा, हा जिभेचा जुनाच स्वभाव आहे. पोर्तुगीजांकडून आलेल्या शब्दाचे ‘इस्पितळ’ आपण असेच करून घेतले. आणि साहेबांनीही आपल्याला सोडले नाही. ठाण्याचे त्यांनी ‘ठाणा’ केले, कल्याणचे ‘कॅलियन’. डोंबिवलीला ‘डोंबोली’ म्हणणारे तर डोंबिवलीतच भेटतात.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाकडा शब्द नेहमीच जिभेचा नसतो, पुष्कळदा तो कानाचा असतो. वयोमानाने ऐकू येणे कमी होते, तेव्हा बहुधा प्रथम उंच पट्टीचे ध्वनी जातात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने पुसट होतात, स्वर मात्र नीट ऐकू येतात. त्यामुळे ‘मला ऐकू येते, पण तुम्ही सगळे पुटपुटता’ ही तक्रार सुरू होते आणि उरलेला शब्द मन अंदाजाने पुरा करते. घरातील कोणी पूर्वी नीट उच्चारत असलेले शब्द हळूहळू चुकीचे ऐकू लागले असेल, तर थट्टेच्या आधी श्रवणतपासणी करून घ्यावी.

औषधांच्या नावांबाबत तर थट्टेला जागाच नाही. या बाबतीत आत्यासारख्यांची बाजू सर्वोच्च न्यायालयाने घेतलेली आहे. मलेरियावरील ‘फॅल्सिगो’ आणि ‘फॅल्सिटॅब’ या दोन औषधांच्या नावांवरून एकाच मूळ व्यवसायातून निघालेल्या दोन कंपन्यांत वाद झाला. दोन्हींतील घटकद्रव्ये वेगळी होती. 2001 च्या निकालात न्यायालयाने असे मत दिले, की औषधांच्या नावांतील साम्य इतर वस्तूंपेक्षा अधिक कडकपणे तपासले पाहिजे. कारण येथे गल्लत झाली तर ती जिवावर बेतू शकते, आणि अनेक भाषा बोलणाऱ्या या देशात सर्वांना इंग्रजी कळते असे धरून चालता येत नाही. पुढे 2016 मध्ये डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे, असा नियम झाला. तरीही औषधाच्या दुकानात आपण नाव ‘सांगतो’. कृपया सांगू नका, चिठ्ठी किंवा गोळ्यांची पट्टी दाखवा. आणि पट्टीतील गोळ्या काढताना नाव छापलेल्या भागाकडील गोळी सर्वांत शेवटी काढा. आत्याच्या डब्यात नाव नसलेले चांदीचे तुकडे किती निघाले, ते सांगायला मला संकोच वाटतो.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसले, ते सांगते.

श्रावणातला रविवार होता. आम्ही सारे आत्याकडे जेवायला बसलो होतो. बाहेर पाऊस. सव्वा वाजला असेल. वरणाच्या पातेल्याकडे पाहत आत्या मला म्हणाली, “जरा छत्री वाढ गं.” आम्ही खदखदून हसलो. मी तर मनात वही उघडलीसुद्धा. ती रागावल्यासारखी झाली, पुन्हा म्हणाली, “छत्री, छत्री!” मग काहीतरी अर्धवट बोलली आणि गप्प झाली. ‘दमली असेल’ म्हणून आम्ही तिला आत निजवले. चार वाजता तिच्या उजव्या हातातून चहाचा कप निसटला, तेव्हा आम्ही उठलो. मग नेहमीच्या डॉक्टरांना फोन, रविवारचा बंद दवाखाना, कोणत्या रुग्णालयात न्यावे यावर चर्चा, संध्याकाळची रहदारी. मेंदूचे स्कॅन झाले तेव्हा सहा वाजून गेले होते.

अर्धांगाचा झटका रक्ताच्या गुठळीमुळे आला असेल, तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्या अवधीतही जितके लवकर तितके बरे. हे तास रुग्णालयात पोहोचल्यापासून मोजत नाहीत, माणूस शेवटचा ठीक दिसला त्या क्षणापासून मोजतात. आमचे तास सव्वा वाजल्यापासून चालू होते. त्यांतले पावणेतीन आम्ही हसण्यात आणि निजवण्यात घालवले. आरोग्यावर लिहिणारी मी त्या ताटावर बसले होते.

फरक दिसायला हवा होता. ‘कोळेस्ट्रॉल’ वर्षानुवर्षे तेच होते. मूळ शब्दाशी त्याचा ध्वनी जुळत होता आणि आत्या ते ठसक्यात म्हणत होती. वरण आणि छत्री यांत ध्वनीचे काहीच नाते नाही. शिवाय वरण हा तिच्या रोजच्या तोंडचा शब्द, तो चुकण्याचे कारणच नव्हते. पॉल ब्रोका या फ्रेंच वैद्याने 1861 मध्ये ‘टॅन’ एवढाच उच्चार करू शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूची मृत्यूनंतर तपासणी केली आणि डाव्या बाजूच्या पुढील भागातील इजा दाखवून दिली. बहुतेकांची भाषा त्याच बाजूला असते, आणि उजवा हातही तीच बाजू हलवते. भाषा अशी हरवण्याला वाचाघात म्हणतात.

तेव्हा घरातील कोणी एकाएकी असंबद्ध शब्द बोलू लागले, बोलणे जड झाले किंवा सांगितलेले कळेनासे झाले, तर त्यांना हसायला सांगून तोंड एका बाजूला ओढले जाते का ते पाहा, दोन्ही हात वर धरायला सांगून एक खाली येतो का ते पाहा. पण ही दोन्ही चिन्हे नसली, तरी एकट्या शब्दांवर विश्वास ठेवा आणि 108 ला फोन करा. वेळ लिहून ठेवा. पाणी, जेवण किंवा घरातील ॲस्पिरिन देऊ नका. झटका रक्तस्रावाचाही असू शकतो आणि ते स्कॅनशिवाय कळत नाही. मधुमेही व्यक्तीची साखर एकदम उतरली तरी असेच बोलणे होऊ शकते, म्हणून घरी यंत्र असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत साखर मोजावी. लक्षणे दहा मिनिटांत निवळली, तरीही जावे. आणि चोवीस तास स्कॅन होणारे, झटक्यावर उपचार करणारे रुग्णालय आपल्या घरापासून कोणते जवळ आहे, हे आजच विचारून ठेवा. डोंबिवलीहून ठाण्यापर्यंत संध्याकाळी किती वेळ लागतो, हे आपल्याला माहीत आहेच.

आत्या आता भिंतीचा आधार घेत चालते. वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आठवड्यातून दोनदा येतात. बरेच दिवस ती ‘हो’, ‘नको’ आणि माझे नाव एवढेच बोलत असे, त्यातही ‘हो’च्या जागी ‘नको’ येई. मी वही कपाटात ठेवून दिली होती.

गेल्या पंधरवड्यात दुपारी दाराची घंटा वाजली. व्यायाम करून घेणारी मुलगी आली होती. आत्याने मान वळवून तिच्याकडे पाहिले, कपाळाला आठी घातली, आणि शब्द जुळवायला बराच वेळ घेऊन म्हणाली, “आली... फजिती...”

“थेरपी,” मी म्हटले.

“फजिती,” आत्या ठामपणे म्हणाली.